‘पारशी डॉक्टरांची, एकहाती, कधीच न ठोकलेली’ : जुन्या गाड्या आणि त्यांचे पुरावे

खारकरआळी_फियाट
नमस्कार मंडळी.

बाबांची फियाट पुन्हा रस्त्यावर आणायला घेतली आहे. आमच्या जुन्या घराच्या आवारात ती तेरा वर्षं ताडपत्रीखाली उभी होती. आईने दर दसऱ्याला तिला हार घालायचं एकदाही चुकवलं नाही, त्यामुळे घरात तिला ‘बंद गाडी’ असं कोणी कधी म्हटलं नाही.

आता अडचण सांगते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने व्हिंटेज गाड्यांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, धंद्याला न लावलेली आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नव्याने नोंदवायची तर २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, आणि माझा सगळा जीव त्याच्यात अडकलाय. काळ्या पाटीवरची ती पांढरी अक्षरं बाबांनी स्वतः ब्रशने रंगवलेली आहेत.

पण आरसी बुक गाडीच्या कप्प्यात असायचं आणि २६ जुलै २००५ ला गाडी सीटपर्यंत पाण्यात होती. पानं पंख्याखाली सुकवली, इस्त्री फिरवली. बाकी सगळं वाचता येतं, फक्त नोंदणीच्या तारखेत १९७ च्या पुढचा आकडा पसरलाय. तो २ आहे की ७ हे भिंगातूनही कळत नाही. २ असेल तर पन्नाशी उलटली. ७ असेल तर थांबा. बाबा नेहमी बहात्तरची म्हणायचे, पण आज ते सांगायला नाहीत.

परवा रविवारी सकाळी उपवन तलावाकाठी, आपल्या जुन्या गाडीवाल्यांच्या कट्ट्यावर हे सांगितलं, तर मंडळी आधी पोट धरून हसली. मग एकेकाने आपल्या गाडीचा किस्सा सांगितला, आणि दोन कटिंग होईपर्यंत गाडी कशी तपासायची हे मला जितकं समजलं तितकं वर्षभरात समजलं नव्हतं. मला मनापासून वाटतं की आपली सगळी पारख या विनोदांत साठवलेली आहे. समोरच्याने जिवापाड जपलेल्या गाडीला तोंडावर खोटी म्हणता येत नाही. विनोद केला की तोही हसतो, आणि हसता हसता बॉनेट उघडतो.

तर किस्से येऊ द्या. नेमकं कुठे बघितलं, कुठे हात लावला, कसं उमगलं तेही लिहा. आणि माझ्या २ आणि ७ चं काही होत असेल तर कृपा करून सुचवा.

वाशीकर_अँबी
धागा उत्तम. आधी तुमचं बघू. गाडीवर बिल्ला कोणता आहे? आपल्याकडे ही गाडी १९६४ पासून कुर्ल्याच्या कारखान्यात ‘फियाट ११०० डिलाइट’ म्हणून बनत होती. १९७३ ला ती ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ ला ‘प्रीमियर पद्मिनी’. म्हणजे ७७ ची असेल तर ती पद्मिनी असणार. फियाटचा बिल्ला असेल तर बहात्तर. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

खारकरआळी_फियाट
फियाटचाच आहे! पुढेही आणि डिकीवरही. म्हणजे झालं की काम?

तुर्भे_पत्रा
ताई, बिल्ल्यावर जाऊ नका. मी पत्र्याचं काम करतो, वडिलांच्या हाताखाली शिकलो. बिल्ला बसवायला पाच मिनिटं लागतात. पद्मिनीवर फियाटचा बिल्ला लावून द्या म्हणणारी गिऱ्हाइकं महिन्यात एक-दोन तरी येतात, कारण डिलाइट म्हटलं की भाव वर जातो. आमच्याकडे म्हण पडलीय, ‘बारसं जन्माच्या आधी झालं’. तुमची तशी असेल असं नाही, पण बिल्ला पुरावा नाही.

किस्सा सांगतो. दोन वर्षांपूर्वी एक पद्मिनी रंगाला आली. पांढरीशुभ्र. मालकाने नुकतीच घेतलेली. विकणाऱ्याने सांगितलेलं, पारशी डॉक्टरांची, एकहाती (म्हणजे एकाच मालकाची), फक्त दवाखान्यात जायला-यायला. मी रुमालात गुंडाळून लोहचुंबक फिरवला. रुमाल यासाठी की रंगाला चरा पडू नये, आणि चुंबक हलका धरला जावा. चांगल्या पत्र्यावर तो ओढ घेतो. लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली असली की हातातून सैल पडतो. डाव्या फेंडरवर दोन ठिकाणी सैल पडला, रुपयाएवढ्या जागेत. ठोकलेल्या गाडीत लांबी अशी नसते, ती पसरलेली असते. चाक काढून आतून हात घातला. दोन भोकं, वितळवून बुजवलेली.

तरी मी काही बोललो नाही. मग मागच्या काचेचं रबर सोडवलं. रबराखाली छपराच्या पत्र्याची बोटभर पट्टी असते, तिथे रंगारी कधी पोचत नाही. तिथे पिवळा जर्द रंग.

माझे वडील खुर्चीत बसून बघत होते. त्यांनी गिऱ्हाइकाला एवढंच विचारलं, “डॉक्टरसाहेब व्हिजिटची फी मीटर टाकून घ्यायचे का?”

नुसतीच_वाचक
हसून हसून पुरेवाट! पण भोकांचं कळलं नाही. मीटर गाडीच्या आत असतं ना?

तुर्भे_पत्रा
हल्लीचं आत. जुन्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं मीटर बाहेर, डाव्या बाजूला असायचं. फूटपाथवरच्या माणसाला ‘खाली आहे’ हे लांबून दिसावं म्हणून. ड्रायव्हर खिडकीतून नाहीतर खाली उतरून ते पाडायचा, म्हणून ‘मीटर डाऊन’. ती भोकं त्या मीटरच्या पट्टीची.

पिवळं_छप्पर
ते गिऱ्हाईक मीच. 🙏

वडिलांचा तो प्रश्न ऐकून मी आधी सुन्न झालो, मग इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. विकणाऱ्याला फोन लावला तर नंबर बंद. आठवडाभर झोप लागली नाही. पैसे गेले यापेक्षा जास्त लागलं ते हे, की त्या डॉक्टरांची एक गोष्ट मी मनात रचली होती. ते पहाटे निघायचे, मागच्या सीटवर बॅग असायची, असं सगळं. घरी मुलीला सांगून झालं होतं.

मग एकदा छताचा कपडा बदलायला काढला, तर आत पुठ्ठ्याच्या मागे देवाचा छोटा फोटो सापडला आणि त्याला चिकटलेली सुकलेली झेंडूची पाकळी. माझा आजोबांच्या पिढीतला अर्धा गाव मुंबईत टॅक्सी चालवायचा. त्या दिवशी ठरवलं, गाडी पांढरी राहील, पण मागच्या काचेखालची पिवळी पट्टी झाकायची नाही. तुर्भेच्या दादांनी भोकंही उघडी करून दिली, कडा गुळगुळीत करून. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. आता पामबीचला गाडी लावली की लोक ती भोकं बघायला येतात आणि मी मीटरची गोष्ट सांगतो. डॉक्टरांबद्दल इतकं कोणी विचारलं नसतं.

वाशीकर_अँबी
व्वा. हा प्रतिसाद वाचून बायकोला हाक मारली आणि मोठ्याने वाचून दाखवला.

मोठ्या गाड्यांच्या जगात डॉक्टरांच्या जागी महाराज येतात. संस्थानं साडेपाचशेच्या वर होती हे मान्य, पण विकायला आलेली प्रत्येक ब्यूक आणि पॅकार्ड राजवाड्यातूनच कशी येते? आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग अशा वेळी गंभीरपणे विचारत, “सलामी किती तोफांची होती?” एकदा मालक उत्तर शोधत असतानाच इंजिन चालू केलं गेलं आणि सायलेन्सरमधून धडाधड तीन बार निघाले. बुजुर्ग म्हणाले, “तीन तोफांचं संस्थान पहिल्यांदाच बघतोय.” सलामीची संस्थानं ९ ते २१ तोफांची, विषम आकड्यात. पण हा प्रश्न नुसता हसण्यासाठी नाही. खरोखर संस्थानची गाडी असेल तर मालकाला संस्थानाचं नाव, सलामी, विक्रीचा कागद, निदान राजवाड्यातल्या जुन्या फोटोचा माग तरी माहीत असतो.

दुसरा आवडता दावा, ‘डेट्रॉइटहून बोटीने थेट’. शेवरलेवाल्यांना हा भारी प्रिय. शेवरले बनवणाऱ्या अमेरिकन जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला होता, तो १९५४ पर्यंत चालला. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि गाडी इथे उभी राहायची. एका गृहस्थांनी त्यांच्या शेवरलेची अशीच बोटीची कहाणी सांगितली. आमच्यातल्या एकाने गाडीखाली वाकून पाटी वाचली आणि उठून म्हणाला, “साहेब, ही डेट्रॉइटची नाही. हार्बर लाइनची आहे.” गृहस्थांनी ते इतकं मनाला लावून घेतलं की पुढच्या महिन्यात ते शिवडीचा सगळा इतिहास पाठ करून आले. आज तेच अभिमानाने सांगतात की माझी गाडी मुंबईच्या कामगारांनी जोडली.

लोबॉनेट
नेरुळहून लिहितोय. जीपवाल्यांचं दुःख वेगळं आहे. आमच्याकडे पुरावा बोल्टवर असतो.

दुसऱ्या महायुद्धात जीप दोन कंपन्यांनी बनवली, विलिज आणि फोर्ड. विलिजची ‘एमबी’, फोर्डची ‘जीपीडब्ल्यू’. आराखडा एकच, पण फोर्डने आपल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा, ‘एफ’ ठोकला. म्हणून जीपीडब्ल्यूवाला माणूस भिंग घेऊन एकेक बोल्ट मोजतो. सगळे बोल्ट ‘एफ’चे म्हणजे स्वर्ग. असे बोल्ट लोक तोळ्याच्या भावाने घेतात, आणि जिथे भाव तिथे भेसळ आलीच.

एका सद्‌गृहस्थांची जीप बघायला गेलो होतो. ‘एफ’ सगळीकडे. बंपरवर, सीटच्या बिजागरीवर, आरशाच्या दांड्यावर. मन भरून आलं. त्यांनीच प्रेमाने म्हटलं, एखादा काढून बघा. मी अर्धा इंची पाना लावला, कारण त्या जीपचं सगळं काम इंचात. पाना बसेना. केसभर अडत होता. माझ्या मित्राने मुकाट्याने १३ चा पाना पुढे केला. तो चपखल बसला! मेट्रिक, म्हणजे मिलिमीटरच्या मापाचा बोल्ट, त्यावर पंच मारून ‘एफ’ ठोकलेला.

शांतता पसरली. मित्र म्हणाला, “हा एफ फोर्डचा नाही. फ्यूररचा आहे.” हिटलरच्या जर्मनीचं माप मिलिमीटरचं ना!

सद्‌गृहस्थ आधी लाल झाले, मग असे हसले की चहा सांडला. त्यांनाही कोणीतरी फसवलंच होतं. त्या दिवसापासून आमच्यात नकली भागाला ‘तेरा नंबर’ म्हणतात.

ज्यांना जीप बघायची आहे त्यांच्यासाठी: बोल्ट शेवटी बघा. आधी पुढे वाका आणि रेडिएटरच्या खालची, चासीची पुढची आडवी दांडी बघा. विलिजची गोल नळी, फोर्डची चौकोनी पट्टी. मग जाळीच्या फटी मोजा. पत्र्याची जाळी असलेल्या युद्धातल्या जीपला ९, नंतरच्या नागरी जीपला ७. आणि हेडलाइट उलटा फिरवून इंजिनाकडे वळवता येतो का ते बघा. रात्री वेगळ्या दिव्याविना दुरुस्ती करता यावी म्हणून केलेली ती सोय आहे. मी अजून दर वेळी तो फिरवून बघतो आणि दर वेळी मला तितकाच आनंद होतो.

नुसतीच_वाचक
एक शंका. बोल्ट बदलले, रंग बदलला, इंजिन पुन्हा बोअर केलं, फ्लोअर नवीन टाकला. मग ‘ओरिजिनल’ राहिलं काय? भोळा प्रश्न वाटेल, पण खरंच विचारतेय.

कोलबाडचे_वकील
भोळा मुळीच नाही. या प्रश्नावर लंडनच्या उच्च न्यायालयाचा निकाल आहे.

बेंटली कंपनीची ‘ओल्ड नंबर वन’ नावाची स्पीड सिक्स गाडी १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षं ल मान्सची २४ तासांची शर्यत जिंकली. पुढे शर्यतींसाठी तिच्यात बदलावर बदल होत गेले. १९३२ ला ब्रुकलँड्सच्या अपघातात तिचा चालक गेला. त्यानंतरही ती पुन्हा बांधली गेली. अनेक वर्षांनी मालक एडवर्ड हबर्ड यांनी ती मिडलब्रिज नावाच्या कंपनीला एक कोटी पौंडांच्या किमतीला विकायचा करार केला. कंपनीने नंतर पाय मागे घेतला. म्हणणं असं की शर्यत जिंकलेल्या गाडीतलं हिच्यात जवळपास काही शिल्लकच नाही, तर ही ती गाडी कशी?

१९९० मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. जुने भाग फारसे उरले नाहीत हे त्यांनी मान्य केलं. त्या अर्थाने तिला मूळ म्हणता येत नाही. पण गाडीचं आयुष्य कुठे तुटलेलं नाही. प्रत्येक बदल चालत्या-नांदत्या गाडीत झाला, आणि ‘ओल्ड नंबर वन’ असल्याचा दावा करू शकेल अशी दुसरी गाडी जगात नाही. म्हणून ही तीच, अस्सल. हबर्ड जिंकले.

मी ठाणे कोर्टात जमिनींचे दावे चालवले, त्यामुळे मला हे फार सोपं करून दिसतं. सातबारा बघा. जमिनीवरचं पीक दर वर्षी वेगळं, बांध सरकतो, विहीर नवी होते, मालक मरतात. तरी गट नंबर तोच, कारण प्रत्येक फेरफार नोंदलेला असतो. भांडण लागतं ते न नोंदलेल्या फेरफाराचं. गाडीत काय बदललं याचा मला राग येत नाही. बदललेलं लपवलं याचा येतो.

लोबॉनेट
वकीलसाहेब, आदर ठेवून असहमत. हा न्याय लावला तर उद्या कोणीही एक पाटी आणि चार कागद घेऊन नवी गाडी उभी करेल आणि ‘आयुष्य तुटलेलं नाही’ म्हणेल. परदेशात असं सर्रास होतं. माझ्या मते चासी मूळची हवीच. तिथे तडजोड नको.

कोलबाडचे_वकील
तुमची भीती खरी आहे. पाटीभोवती उभी केलेली गाडी वेगळी आणि गाडीत हळूहळू झालेले बदल वेगळे. पहिलीत मधली काही वर्षं गाडी कुठेच नसते. तेवढंच विचारायचं: “१९६० ते १९८५ ही कुठे होती?” खोटा माणूस तिथे विषय बदलतो. आणि आपल्या २०२१ च्या नियमातही चासी, बॉडी, इंजिन याच तीन जागा आहेत. तुमचं म्हणणं सरकारलाही मान्य आहे म्हणायचं.

तुर्भे_पत्रा
लोबॉनेट साहेबांना माझा पाठिंबा, कारण मी हे जवळून बघतो. चासी नंबरचा पत्र्याचा तुकडा कापून दुसऱ्या गाडीत वेल्ड करून द्या, असं विचारणारे येतात. वडिलांनी असं काम कधी घेतलं नाही, मीही घेत नाही. तो सरळ गुन्हा आहे, कितीही हसत विचारला तरी. बाकी फ्लोअर, सिल (दाराखालची पट्टी), दरवाजाचा खालचा पत्रा, हे सडणारच. ते बदलल्याचे फोटो काढून फाइलला लावा. मी हल्ली प्रत्येक कापलेल्या तुकड्याचा फोटो, तारखेसकट, गिऱ्हाइकाला पाठवतो. वकीलसाहेबांचा फेरफार तो हाच.

ताई, तुमचा चासी नंबर काय सांगतो?

खारकरआळी_फियाट
आजच काढला! दादांनी फोनवर सांगितलं तसं केलं. बॉनेट उघडून मागच्या पत्र्यावरचा तेलकट थर डिझेलमध्ये बुडवलेल्या बनियनच्या फडक्याने पुसला. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावायचा नाही हे त्यांनी तीनदा बजावलं होतं, कारण आकड्यांभोवती चरे पडले की तपासणाऱ्याला खाडाखोड वाटते. मग पातळ कागद दाबून धरला आणि शिसपेन्सिल आडवी घासत गेले. आधी नुसता राखाडी ढग आला. मग त्यात एकेक आकडा पांढरा उमटायला लागला. आई मागे उभी राहून आकडे मोठ्याने वाचत होती आणि प्रत्येक आकड्याला तिचा आवाज चढत होता. चौथ्या आकड्यावर आमचं जुंपलं. मी ३ म्हणे, ती ८ म्हणे. दुसऱ्यांदा घासलं, तर ८. आरसी बुकातही ८. नंबर जुळला!

गाडी तीच, याची खात्री झाली. पण साल मात्र तिथेच अडलंय. तेवढ्यात माळ्यावर एक फोटो सापडला. धाकट्या आत्याचं लग्न, मे १९७३. पत्रिकाही मिळाली, शके १८९५. तलावपाळीला फुलांनी सजवलेली आमची फियाट उभी आहे, पुढे सगळं कुटुंब. नंबर प्लेट दिसली असती तर ७७ चा प्रश्नच मिटला असता.

पण प्लेटच्या बरोबर पुढे धाकटे काका, वय वर्षे एकोणीस, एक पाय बंपरवर ठेवून. बेलबॉटम. त्या काळची ती रुंदी! सगळी पाटी पँटच्या मागे गेलीय.

पिवळं_छप्पर
हे राम. 😂 प्रत्येक घरच्या फोटोत एक काका पाटीसमोर उभे असतातच. माझ्या मामांच्या लँब्रेटाच्या सगळ्या फोटोंत मामीचा पदर आहे.

वाशीकर_अँबी
आमच्या अँबॅसडरच्या पुढे १९७८ ते १९९० या काळात कोणीतरी नेहमी लहान मूल उभं केलेलं आहे. मूल बदलतं, जागा तीच.

पण गंमत बाजूला ठेवून सांगतो, फोटो मोठा करून बघा. फक्त पाटी नको. बंपरची चीप, आरशाची जागा, काचेवरचा कर भरल्याचा गोल बिल्ला, सगळं बघा. आणि फोटो म्हणजे सरकारी कागद नव्हे हे लक्षात ठेवा. त्याचा उपयोग एवढाच की जुन्या नोंदवहीत कुठल्या सालापर्यंत शोधायचं हे ठरतं. जुन्या विम्याच्या पावत्या, कराच्या पावत्या मिळतात का तेही बघा. आमच्या गाडीचं साल अखेर एका विम्याच्या पावतीवर सापडलं, ती आईने पंचांगात खूण म्हणून ठेवली होती.

कोलबाडचे_वकील
आत्याकडे अल्बम नाही का? लग्न त्यांचं होतं. फोटोग्राफर एकच फोटो काढून थांबत नाही.

खारकरआळी_फियाट
काय बोललात वकीलसाहेब! सकाळीच डोंबिवली गाठली.

आत्या आता ७४ वर्षांची. अल्बम पेटीच्या तळाशी, प्रत्येक पानामध्ये बटरपेपर. तलावपाळीचे तीन फोटो. पहिला आमच्याकडे आहे तोच. दुसऱ्यात काका तसेच, पण कोणाशी तरी बोलायला वळलेत. तिसऱ्यात त्यांनी बंपरवरचा पाय खाली घेतलाय. आत्याने भिंग मागितलं नाही, नुसतं बोट ठेवलं. काळी पाटी, पांढरी अक्षरं, बाबांनी काढलेली, ती शेवटच्या आकड्याची जराशी वाकडी शेपूट. पूर्ण नंबर. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का, १९७३.

मी रडले, हे लिहायला मला काही वाटत नाही. आत्याही रडली, पण ती म्हणाली की तिला गाडीचं काही नाही, बाबा त्या फोटोत हसताहेत म्हणून.

म्हणजे गाडी ७३ च्या मे महिन्यात याच नंबरने रस्त्यावर होती. तो आकडा ७ असूच शकत नाही. आता उद्या जुन्या नोंदवहीच्या उताऱ्यासाठी १९७२ हे साल लिहून अर्ज करते.

येताना काकांना फोन केला. म्हटलं, काका, पहिल्या दोन फोटोंत पाटीसमोर का उभे राहिलात? ते म्हणाले, “अगं पँट नवीन शिवली होती. ती दिसायला नको?” ती बेलबॉटम त्यांनी अजून जपून ठेवलीय.

लोबॉनेट
अभिनंदन ताई! आज जेवण गोड लागेल. येत्या रविवारी काकांना आणि बेलबॉटमला उपवनला घेऊन या. बेलबॉटम ओरिजिनल आहे की तेरा नंबर, ते आम्ही तपासून घेऊ.

खारकरआळी_फियाट
आणते. काकांनी सांगून ठेवलंय की कंबर दोनदा सोडवली आहे, एकदा ८१ ला आणि एकदा ९० ला. बाकी कापड, शिलाई, पायाची मोरी सगळं मूळचं. फेरफार नोंदवून घ्या.